भरला कप घेऊन उठणे

७ मार्च

बाईसाहेब,

तू पाठवलेली खुर्ची काल कारखान्याच्या लॉरीतून सुखरूप घरी पोचली. ड्रायव्हरने ती एकट्याने जिन्यावरून वर आणली, घाम पुसला आणि तिच्यातच बसून पाणी मागितलं. म्हणजे पहिली तपासणी त्यानेच केली म्हणायची. पाणी पिऊन माझा हात धरून उठला आणि जाताना म्हणाला, "मस्त आहे हो."

खुर्चीच्या पोटाला चिकटवलेली तुझी चिठ्ठीही मिळाली. ती मी दोनदा वाचली. 'ही माझी आजवरची सगळ्यात चांगली खुर्ची आहे असं इथे सगळे म्हणतात, आणि म्हणूनच मला धास्ती वाटते. एप्रिलच्या मध्यावर ती दवाखान्यांसाठी शेकड्यांनी बनायला लागेल. पेशंट बाहेर ताटकळत बसतात ना, त्यांच्यासाठी. तू पूर्वी जसं सांगायचास तसं सांग. नवरा म्हणून नको, तपासनीस म्हणून सांग. तो तपासनीस अजून शिल्लक असेल तर मी परत यायचं की नाही ते बोलू. नसेल तर कशाला बोलायचं?'

इतकी कडक चिठ्ठी फर्निचरला चिकटवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

असो. तुझ्या आज्ञेप्रमाणे खुर्ची बाहेरच्या खोलीत खिडकीला लावून ठेवली आणि तासभर बसलो. उत्तम आहे. पाठ उत्तम, बैठक उत्तम, कापडाचा रंगही बरा. कुठे टोचत नाही, कुठे कुरकुरत नाही. मला आवडली.

बाकी इकडे ठीक. तू दुसऱ्या कारखान्यावर निघून गेल्याचं कळल्यावर माझी आत्या न बोलावता राहायला आली आहे. 'चार दिवस' म्हणाली होती, पण तिने येताना स्वतःची उशी आणलीय. माझी देखभाल करायला आली असं सांगते. प्रत्यक्षात ती सोफ्यावर बसून सूनबाईने कसं योग्य केलं ते मला समजावून सांगते आणि स्वयंपाक मी करतो.

कारखान्यात विशेष काही नाही. मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. चहा पाजला, पाठ थोपटली. कशाबद्दल, ते लिहिण्याइतकं महत्त्वाचं नाही.

तुझा,
तूर्त नवरा

१३ मार्च

बाईसाहेब,

कार्ड मिळालं. एका ओळीसाठी एवढं मोठं कार्ड वाया घालवलंस. 'उत्तम हा शब्द तू उलट्या पाठीलाही वापरला होतास.'

ते प्रकरण मला उगाळायचं नाही. पण तू सगळीकडे तुझीच बाजू सांगत असशील, तेव्हा माझीही एकदा कागदावर येऊ दे. त्या दिवशी माझ्या तपासणीच्या खोलीत तू नव्या खुर्चीचा नमुना आणून ठेवलास. मी त्यावर बसलो, पेपर वाचला, 'उत्तम' लिहून सही केली. मग तू म्हणालीस की खुर्चीची पाठ तू मुद्दाम उलटी बसवली होतीस, बाक आत असायला हवा तिथे बाहेर होता, आणि मला ते कळलं कसं नाही. मी खरं बोललो. म्हणालो, कळलं होतं, पण म्हटलं असेल काहीतरी नवीन पद्धत.

आता यात घर सोडून जाण्यासारखं काय होतं ते मला अजून समजलेलं नाही. आत्याला समजलं. ती म्हणते, "कळलं नाही म्हणाला असतास तर बिचारी राहिली असती."

तू जाताना जे बोललीस ते मात्र लक्षात आहे. लग्नाआधी मी तुझ्या पहिल्या खुर्चीला नापास केलं, वर पानभर कारणं लिहिली, आणि ती वाचून तुझं डोकं असं फिरलं की तू तरातरा माझ्या खोलीत आलीस. तिथून सगळं सुरू झालं. म्हणालीस, "मला कुरकुऱ्या आवडला होता. हा कोण मऊ माणूस घरात बसलाय?"

अगं, माणूस वयाने मऊ होतो. लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. कारखान्यात विचार. हल्ली माझं कुणाशी भांडण नाही. विक्री विभागातले लोक, जे मला बघून जिना बदलायचे, ते आता माझ्यासाठी लिफ्ट थांबवून धरतात. सकाळी जातो, नमुन्यावर बसतो, सही करतो, घरी येतो. रक्तदाबसुद्धा सुधारलाय.

तू जाताना ज्याला माझं 'संपणं' म्हणालीस ना, ते असं दिसतं. बाहेरून छानच दिसतं.

तुझा समजूतदार नवरा

१९ मार्च

प्रिय,

(बघ, 'बाईसाहेब' सोडून 'प्रिय'वर आलो. हीसुद्धा प्रगतीच.)

या वेळी मी खुर्ची नीट तपासली. तुला चुका हव्यात, घे चुका. पाठीचा वरचा भाग मानेला किंचित टोचतो. डावा हात उजव्यापेक्षा आखूड वाटतो. मागच्या पायाचा सांधा दमट हवेत ढिला पडेल. कापड पँटला घासतं. बैठकीतला स्पंज मधोमध दबलाय. आता झालं समाधान? पूर्वीसारखं पानभर लिहायला जमलं नाही, पण माझी सुरुवात आहे हे लक्षात घे.

कारखान्यात या आठवड्यात करमणूक झाली. कर्मचाऱ्यांची उमेद वाढवायला मोठ्या साहेबांनी बाहेरून एक वक्ता बोलावला होता. दात फार पांढरे. त्याने आम्हा सगळ्यांना आमच्याच खुर्च्यांवर उभं राहायला सांगितलं आणि 'मी थांबणार नाही' असं ओरडायला लावलं. हिशेबनीस ओरडला, रखवालदार ओरडला, साहेब तर डोळे मिटून ओरडले. मी उभा होतो ती खुर्ची डुगडुगत होती. मागचा पाय आखूड होता, तो नमुना गेल्याच महिन्यात मी पास केलेला. तरी मीही ओरडलो, 'मी थांबणार नाही.' खाली उतरताना रखवालदाराने हळूच विचारलं, "साहेब, हे थांबणार कधी?"

नंतर त्या वक्त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. मी म्हटलं, बसलेला. त्याला ते फार आवडलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

माझं जरा बरं चाललंय हे तुझ्या लक्षात यावं म्हणून हे सगळं लिहिलं.

तुझा,
होतकरू नवरा

२६ मार्च

प्रिय,

तुझं पत्र आलं. आत्याने आधी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं आणि मग माझ्या हातून घेऊन वाचलं.

तुझं म्हणणं मान्य. माझ्या पत्रावर विश्वास ठेवून तू तुझ्याकडची दुसरी तशीच खुर्ची खोललीस. दोन सुतार दोन दिवस खपले. हात मोजले, दोन्ही सारखे निघाले. सांधा पाण्यात बुडवून ठेवला, हलला नाही. मग तू लिहिलंस, 'तू काही तपासलं नाहीस. तू फक्त मला खूश करायला चुका रचल्यास. उत्तम म्हणालास तेव्हा आळशी होतास, आता खोटारडाही झालास.'

रचल्या. स्वयंपाकघरात भात शिजेपर्यंत टेबलाशी बसून रचल्या. खुर्चीकडे बघितलंही नाही. बसून बघितलं असतं तरी काही कळलं नसतं, अशी मला भीती होती, ते जास्त खरं.

आता तुला एक सांगतो. आत्यालाही सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझी दाढ दुखत होती आठवतं? दंतवैद्याकडे गेलो. बाहेर बसायला सांगितलं. बसलो आणि दोन मिनिटांत माझ्या मांड्यांखाली मुंग्या आल्या. वाकून खाली पाहिलं तर आपल्या कारखान्याचा शिक्का. ती खुर्ची मी नापास केली होती. साधी नव्हे, तीन पानांचा अहवाल देऊन. बैठकीची कड मांडीची शीर दाबते, लहान-थोर कुणालाही बसवू नये, असं लिहिलं होतं. बनवलीच नसेल असं मी धरून चाललो होतो. आणि दंतवैद्याकडे ती एका रांगेत मांडलेली. माणसं तिच्यावर बसून मांड्या चोळत होती आणि त्यांना वाटत होतं की आपल्यालाच काहीतरी आजार झालाय.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं. ते गोड हसून म्हणाले, "तुमचा अहवाल उत्कृष्ट होता. फाइलला लावलाय." शिवाय त्यांनी तोवर ते यंत्र आणलं होतं, धोपट्या. लोखंडी बूड दिवसभर बैठकीवर धपाधप आदळतं ते. धोपट्याने पास केलं की झालं, मी फक्त खाली सही करायची.

तेव्हापासून मी सही करतो. राग धरून करत होतो आधी. मग राग धरायचाही कंटाळा आला. तुला सांगितलं नाही, कारण तू साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन काचा फोडल्या असत्यास, आणि मला त्या काचा फुटायला नको होत्या, का ते मला ठाऊक नाही.

आता उरलेलंही सांगून टाकतो. साहेबांनी चहा पाजला तो उगाच नाही. वर्षभरात माझ्या खोलीतून एकही नमुना नापास झाला नाही, याचा त्यांना आनंद झालाय. दोन्ही कारखान्यांच्या तपासणीचा प्रमुख मला करायचं ठरतंय. स्वतंत्र केबिन. केबिनीत बसायला मऊ खुर्ची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घोषणा. आणि तुझी दवाखान्याची खुर्ची, ती मी कारखान्यात केव्हाच पास केलीय. तुझी चिठ्ठी यायच्या आधी. धोपट्याने केली, खाली मी सही केली.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला दिसतंय. लिही, नाहीतर लिहू नकोस. मी तुला दोष देणार नाही.

तुझा

३० मार्च

अगं,

तुझी खुर्ची नापास.

हे पत्र मी दुपारी लिहितोय, शर्टावर चहा आहे, तो धुवायला वेळ नाही. नीट वाच.

मी ओट्याशी कांदा चिरत होतो. आत्या बाहेर तुझ्या खुर्चीत बसून चहा पीत होती. तिला ती खुर्ची इतकी आवडली की सोफा सोडून ती गेले चार दिवस त्यातच मुक्काम ठोकून आहे. पण आज ऊन तोंडावर येतं म्हणून तिने खुर्ची खिडकीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली. दाराची घंटा वाजली. मी म्हटलं, आत्या, दार उघड. ती म्हणाली, उघडते. घंटा पुन्हा वाजली. मी म्हटलं, अगं उघड ना. ती म्हणाली, "उघडते की, तुझी बायको सोडेल तर."

जाऊन बघतो तर आत्या खुर्चीत रुतलेली. गुडघे कमरेपेक्षा वर. हातात भरलेला कप, तो सांडू नये म्हणून वर धरलेला. पाय जमिनीवर टेकतायत पण जोर लागत नाहीये. ती पुढे झुकते, खुर्ची तिला मागे घेते. पुन्हा झुकते, पुन्हा मागे. आधी हसत होती, मग हसायची थांबली. आत्या, जिने आयुष्यात कुणाचा हात धरला नाही, ती कप तसाच वर धरून माझ्याकडे बघत होती.

मी हात दिला. ती उठली, चहा दोघांच्या अंगावर गेला. दारावर कोण होतं ते आम्हाला अजून माहीत नाही.

मग मी स्वतः कप काठोकाठ भरला. आठवते तुला भरल्या कपाची उठणी? तू नवीन होतीस तेव्हा मीच तुला शिकवली होती. खुर्ची बसून कळत नाही, उठून कळते. दोन्ही हातांत भरला कप धरायचा, कुठे टेकायचं नाही, आणि उठायचं. एक थेंब सांडला तर खुर्ची नापास. तुझी पहिली खुर्ची त्यातच गेली होती. कधीपासून मी ती करणं सोडलं हे मलाच सांगता येणार नाही.

तीनदा केली. तिन्ही वेळा सांडला. गंमत म्हणजे तीन आठवडे मी याच खुर्चीत रोज बसतोय आणि रोज उठतोय. कसा? खिडकीची चौकट धरून. खुर्ची खिडकीला लावलेली होती, हात आपोआप चौकटीवर जायचा. तो लॉरीवालासुद्धा माझा हात धरून उठला होता. माझ्या हातावर त्याचा सगळा भार आला होता आणि मी, तपासनीस, शेजारी उभा राहून त्याला पाण्याबद्दल विचारत होतो.

आता कारणं. बैठक मागच्या बाजूला फार उतरलीय, बसायला सुख वाटतं ते तेवढ्यामुळे. पुढची कड स्पंजची ठेवलीस, ती उठताना दबते, मांडीला आधारच मिळत नाही. खुर्चीचे हात छान वळवलेस, पण ते कडेच्या मागेच संपतात, त्यांच्यावर जोर दिला तर माणूस पुढे न जाता नुसता वर जातो आणि परत पडतो. आणि ही खुर्ची कुणासाठी? दवाखान्यात बसलेल्यांसाठी. ज्यांच्या गुडघ्यात पाणी आहे, पोटाला टाके आहेत, कडेवर पोर आहे. नाव पुकारल्यावर उठायचं असतं त्यांना. सगळ्यांसमोर दोनदा-तीनदा मागे पडायचं, मग कुणीतरी येऊन ओढून काढायचं, हे त्यांच्या नशिबी तू का लिहितेस? इतकी वर्षं खुर्च्या काढतेस, एकदा तरी हातात कप घेऊन बसून बघायचं होतंस. इतकी हुशार बाई आणि इतकी ढोबळ चूक. लाज वाटायला हवी तुला. आणि मला तुझ्या दुप्पट.

आत्या म्हणते, "बायकोला असं लिहितात का रे?" मी म्हटलं, हिला असंच लिहितात.

कुरकुऱ्या

४ एप्रिल

प्रिय,

तुझं उत्तर आलेलं नाही. लॉरीवाल्याकडे विचारपूस केली, तो म्हणाला, बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. म्हणजे पत्र पोचलं.

इकडचं ऐक. सोमवारी सकाळी तुझी खुर्ची डोक्यावर घेऊन कारखान्यात गेलो. रखवालदाराने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, भांडायला चाललोय. त्याने फाटक पूर्ण उघडलं. एरवी मला छोट्या दारातून जावं लागतं.

साहेब घोषणेच्या तयारीत होते. केबिनीत त्यांच्याबरोबर विक्रीवाला होता, ज्याने दवाखान्यांची ऑर्डर आणली तोच. मी सांगितलं, माझी सही मागे घेतो, खुर्ची नापास आहे. साहेब आधी हसले. मग म्हणाले, यंत्राने इतके धक्के देऊन पास केलीय, तुम्ही नापास कसे करता?

मी म्हटलं, साहेब, धोपट्या बसतो हो, पण त्याला उठून घरी जायचं नसतं.

त्यांना कळेना. मग मी चहा मागवला. काठोकाठ भरून कप साहेबांच्या दोन्ही हातांत दिला, तुझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आता उठा. साहेबांनी त्या दिवशी दुधी रंगाची पँट घातली होती, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिल्या झटक्यात चहा गुडघ्यावर, दुसऱ्या झटक्यात जरा वर. ते म्हणाले, कप कमी भरा. मी म्हटलं, कप कमी भरू, माणसाचं वय कसं कमी भरू? तिसऱ्यांदा त्यांनी विक्रीवाल्याचा खांदा पकडला आणि एकदाचे उठले. उठून म्हणाले, "हे बघा, उठता येतं."

मी विचारलं, प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक म्हाताऱ्याशेजारी आपण एकेक विक्रीवाला उभा करणार आहोत का?

केबिनीच्या काचेबाहेर निम्मा कारखाना उभा होता. हिशेबनिसाने तोंडात रुमाल कोंबला होता. साहेबांनी आधी पँट पुसली. मग मला म्हणाले, अहवाल फाइलला लावा. मी म्हटलं, नाही लावणार. दवाखान्यांत नेऊन वाचून दाखवीन. मी असं काही बोलेन हे मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. आवाजही माझा वाटत नव्हता, फार मोठा होता.

ऑर्डर थांबवलीय. खुर्ची दुरुस्त होऊन पुन्हा तपासल्याशिवाय एकही बनणार नाही, असं साहेबांनी लिहून दिलं. त्याच कागदावर खाली दुसरंही लिहिलं. तपासणीचा प्रमुख विक्रीवाला झाला. केबिन त्याला, मऊ खुर्ची त्याला. मी होतो तिथेच, फक्त आता तो माझा साहेब.

आणि मजा बघ, मला ते पद हवं होतं. परवापर्यंत नको होतं तेव्हा ते ताटात वाढून ठेवलं होतं. काल कळलं की त्या जागेवर बसून काय काय करता आलं असतं, धोपट्याला आधी अडगळीत टाकला असता, तर ते गेलं. घरी येताना रस्ताभर चरफडत होतो. आत्याने जेवायला वाढलं (हो, तिने वाढलं) आणि म्हणाली, "किती दिवसांनी चिडलायस." मी रडलो. कांदा नव्हता, आत्यासमोर बसून नुसताच रडलो.

एक खरं लिहायला हवं. तुझी सगळ्यात चांगली खुर्ची मी अडवली. तिकडे तुला बोल लागेल, लोक म्हणतील नवऱ्यानेच पाडलं. 'तू मला कधी माफ केलं नाहीस तरी चालेल' असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं, ते खोडलं. चालणार नाही. अजिबात चालणार नाही. पण खुर्ची नापासच आहे.

कुरकुऱ्या

१० एप्रिल

प्रिय,

सहा पानी पत्र. इतकं तू मला लग्न ठरल्यावरही लिहिलं नव्हतंस.

पहिल्या पानावर तू मला उद्धट म्हटलंस, दुसऱ्यावर आगाऊ. तिसऱ्यावर लिहिलंस की माझं पत्र वाचून तुझा इतका संताप झाला की तू ते चुरगाळून टोपलीत टाकलंस, मग कप भरून स्वतः बसलीस, साडी भिजवून घेतलीस आणि पत्र टोपलीतून परत काढलंस. चौथ्या पानावर 'बरोबर आहे' हे दोन शब्द एका ओळीत एकटेच लिहिलेस. ते मी आत्याला दाखवले. तिने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, हिचंच अक्षर आहे ना?

तिथे थांबली असतीस तर मी सुखाने झोपलो असतो. पण पाचव्या पानावर तू दुरुस्ती सुचवलीस. बैठकीचा उतार कमी करायचा, इथवर ठीक. पण पुढची कड आहे तशीच मऊ ठेवायची आणि खुर्चीचे हात नुसते चार बोटं पुढे आणायचे म्हणतेस? सुतारांना उद्यापासून कामाला लावते म्हणतेस? हे साफ चूक आहे. हात पुढे आणलेस तर बाजूने बसणारा माणूस अडेल, ज्याच्या पायाला प्लास्टर आहे तो बसेल कसा? कड कडक करायला हवी. स्पंजच्या खाली लाकडाची पट्टी, दोन बोटं उंच. मी चित्र काढून पाहिलं, माझं चित्र बघून आत्या म्हणाली, म्हैस छान आलीय. तेव्हा चित्राने जमणार नाही.

सहाव्या पानावर तू लिहिलंस, 'तुझं म्हणणं मला मान्य नाही. पटवायचं असेल तर समोर येऊन पटव.'

मी रजा टाकलीय. नवा साहेब, म्हणजे विक्रीवाला, विचारत होता किती दिवस. मी म्हटलं, बाई पटेपर्यंत. तो म्हणाला, अहो म्हणजे किती? मी म्हटलं, बाईंना तुम्ही ओळखता. त्याने रकाना मोकळा सोडून सही केली.

आत्या इथेच थांबतेय. तिने सोफ्याचा ताबा परत घेतलाय आणि मला बजावलंय की एकट्याने परत येऊ नकोस, आलास तर दार उघडायला मी उठणार नाही. आजची गाडी मिळाली तर उद्या सकाळी तुझ्या फाटकाशी असेन. भांडायला माझ्याकडे बऱ्याच गोष्टी साठल्यात, पण आधी कड.

तू सुतारांना थांबव. मी पोचेपर्यंत कुणी करवतीला हात लावायचा नाही.